मॅच ऑनलाइन बघायचीय? किकऑफच्या आधी एवढं करून ठेवा

२०२२ च्या वर्ल्डकप फायनलनंतर, म्हणजे १८ डिसेंबरच्या त्या अर्जेंटिना-फ्रान्स मॅचनंतर, माझ्या ओळखीतले कितीतरी जण नव्याने फुटबॉल बघायला लागलेत. कुणी मेस्सीमुळे, कुणी एम्बाप्पेमुळे, कुणी नुसतं घरातली पोरं बघतात म्हणून. आणि प्रत्येकाचं रडगाणं एकच. मॅच कुठं लागते कळत नाही, कळलं तर पैसे भरायला सांगतात, पैसे भरले तर ओटीपी येत नाही, सगळं झालं की मधेच ते गोल गोल फिरायला लागतं आणि तेवढ्यात गोल होतो. मी कोल्हापूरचा आहे, आमच्याकडं पेठेपेठेत फुटबॉल आहे, त्यामुळं घरातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांना हे सगळं सेट करून दिलंय, तेच इथं क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा. मॅच अडकते ती चार ठिकाणी. एकतर ती मॅच त्या अ‍ॅपवर नाहीच, किंवा तुमचं खातं अडलंय, किंवा नेट अडलंय, किंवा फोन-टीव्ही अडलाय. कुठं अडलंय हे ओळखता आलं की निम्मं टेन्शन जातं. बहुतेक लोक ओळखायच्या आधीच अ‍ॅप उडवून परत टाकतात आणि पहिला हाफ त्यातच जातो.

पहिलं काम: कुठली स्पर्धा आहे ते बघा

क्रिकेट बघणाऱ्यांना वाटतं एक अ‍ॅप घेतलं की झालं. फुटबॉलमध्ये तसं नाही, कारण प्रत्येक स्पर्धेचे हक्क वेगळे विकले जातात, आणि तेसुद्धा देशादेशाला वेगळे. एकच टीम आठवड्यात दोन स्पर्धा खेळते. शनिवारी इंग्लंडमधली आर्सेनल ही टीम तिथली प्रीमियर लीग खेळली तर ती जिओहॉटस्टारवर, आणि मंगळवारी तीच आर्सेनल चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपभरातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा, खेळली तर ती सोनी लिव्हवर. स्पेनची लीग ला लिगा २०२५-२६ च्या हंगामात फॅनकोडवर गेली. त्याआधी हीच ला लिगा २०१८ पासून तीन वर्षं आपल्याकडं फेसबुकवर फुकट दिसायची, नंतर दुसरीकडं गेली. मेस्सी अमेरिकेत खेळतो ती लीग अ‍ॅपल टीव्हीवर. जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला एक होऊन जिओहॉटस्टार झालं, म्हणून जुन्या लेखांत जिओसिनेमा लिहिलेलं दिसलं तर ते अ‍ॅप शोधत बसू नका.

म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये, एकदा बसून बघा की तुमची टीम कुठल्या कुठल्या स्पर्धेत आहे आणि त्या स्पर्धा यावर्षी कुणाकडं आहेत. लीगच्या अधिकृत साइटवर प्रसारकांची यादी असते, देश निवडायचा आणि इंडिया समोर काय लिहिलंय ते बघायचं, यूट्यूबवरच्या व्हिडिओंवर विसंबू नका.

आणि कधीकधी उत्तर असं येतं की कुठंच नाही. कोपा अमेरिका २०२४ ला भारतात अधिकृत प्रसारकच नव्हता. मेस्सीची अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकून पहिली मोठी स्पर्धा खेळतेय, इथं लाखो लोक जागे राहायला तयार आहेत, आणि पैसे देऊनही बघायची सोय नाही. मला अजून राग येतो या गोष्टीचा. फुटबॉलचा प्रेक्षक भारतात नाही असं म्हणणाऱ्यांनी वर्ल्डकपच्या वेळी एकदा कोल्हापुरात यावं, ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक चौकाचौकात लागतात.

दुसरं काम: वेळ आणि तारीख, दोन्ही

इथं नवीन माणूस हमखास फसतो. चॅम्पियन्स लीगची मॅच मंगळवारी आहे असं लिहिलेलं असतं, पण ती बहुतेक वेळा युरोपातल्या रात्री ९ ला असते, म्हणजे आपल्याकडं मंगळवार संपून बुधवार लागलेला असतो. हिवाळ्यात रात्री १:३०, उन्हाळी वेळ चालू असली की १२:३०. म्हणजे मंगळवारी रात्री झोपायचं नाही, बुधवारी रात्री जागून उपयोग नाही, तेव्हा तुम्हाला दुसरीच मॅच दिसेल.

हा एक तासाचा फरक का पडतो तर युरोपात घड्याळं वर्षातून दोनदा सरकवतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. आपलं घड्याळ जागच्या जागी. म्हणून प्रीमियर लीगची शनिवारची दुपारी ३ ची मॅच सप्टेंबरमध्ये आपल्याकडं ७:३० ला असते आणि नोव्हेंबरमध्ये ८:३० ला. संध्याकाळी ५:३० ची मॅच १० ला किंवा ११ ला. ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतर आणि मार्चच्या त्या रविवारनंतर आपले अलार्म एकदा तपासायचे, एवढं पुरे. अमेरिकेतली घड्याळं युरोपाबरोबर सरकत नाहीत, तिकडं मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, त्यामुळं तिकडची मॅच असेल तर वेगळं बघा. २०२६ च्या वर्ल्डकपची फायनल १९ जुलैला न्यू जर्सीत दुपारी ३ ला, म्हणजे आपल्याकडं २० जुलै उजाडून रात्रीचे १२:३०.

चॅम्पियन्स लीगच्या फायनलची वेळ मात्र २०२६ पासून लवकरची केलीय, युरोपात संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडं रात्री ९:३०. पहिल्यांदा फायनल बघणार असाल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बघता येईल अशी वेळ आहे.

तिसरं काम: पैसे आदल्या दिवशी भरा

किकऑफला पाच मिनिटं असताना यूपीआयनं पैसे भरायचे नाहीत. त्याच वेळी हजारो जण तेच करत असतात, पेमेंट पेंडिंगला जातं, पैसे खात्यातून कापले जातात आणि अ‍ॅप म्हणतं सबस्क्रिप्शन घ्या. मग माणूस घाबरून दुसऱ्यांदा भरतो. आदल्या दिवशी दुपारी भरा, आणि भरल्यावर लगेच कुठलीतरी जुनी मॅच किंवा हायलाइट्स लावून बघा की खरंच चालू झालंय का.

प्लॅन घेताना किमतीच्या आधी तीन गोष्टी वाचायच्या. फक्त मोबाईलवर चालतो का टीव्हीवरही, एका वेळी किती स्क्रीनवर चालतो, आणि क्वालिटी किती मिळते. रिचार्जबरोबर जे फुकट मिळतं ते बऱ्याचदा फक्त मोबाईलवालं असतं. लोकांना वाटतं आपल्याकडं सबस्क्रिप्शन आहे, मित्रांना घरी बोलावतात, आणि टीव्हीवर लावायला गेलं की अ‍ॅप अपग्रेड मागतं. हे आधी तपासा.

भावाचं नाहीतर मित्राचं खातं वापरत असाल तर त्याला आधी फोन करून विचारा, दादा तू कुठं कुठं लावणार आहेस. दोन स्क्रीनच्या प्लॅनवर तिसरा माणूस आला की कुणाचं तरी बंद पडतं. आणि ओटीपी त्याच्या नंबरवर जाणार, तो रात्री दीडला झोपलेला असेल. लॉगिन संध्याकाळीच करून ठेवा.

पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे पुढच्या वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू होतं, त्याकडं लक्ष ठेवा. फक्त एका स्पर्धेसाठी घेतलं असेल तर त्याच दिवशी यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे असा भाग असतो तिथं जाऊन ती परवानगी (मॅंडेट) रद्द करा. मुदत संपेपर्यंत सबस्क्रिप्शन चालूच राहतं.

चौथं: डेटाचा हिशेब

याबद्दल कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त मॅच यामुळंच बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोबाईल डेटावर बघणार असाल तर साधारण असं धरा. चित्राची क्वालिटी ७२० ठेवली तर सेकंदाला अडीच मेगाबिटच्या आसपास लागतं, म्हणजे दोन तासांच्या मॅचला सव्वादोन जीबी. १०८० ला पाच मेगाबिट धरा, म्हणजे साडेचार जीबी. ४८० ला एक जीबीच्या आसपास. आता तुमचा पॅक रोज २ जीबीचा असेल आणि ७२० वर मॅच लावली, तर हाफटाइम धरून तो डेटा ८५-९० व्या मिनिटाला संपतो, म्हणजे बरोबर जिथं मॅच फिरते तिथं. दीड जीबीवाल्यांचा साठाव्या मिनिटाच्या आसपासच संपतो. आणि संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यावर व्हिडिओ हलतच नाही. माणसाला वाटतं अ‍ॅप बिघडलं. दिवसभर रील्स बघितले असतील तर आणखी आधी.

पण रोजचा डेटा रात्री १२ ला नवीन होतो, त्याचा फायदा घेता येतो. १२:३० ची आणि १:३० ची मॅच नव्या दिवसाच्या डेट्यावर जाते, म्हणजे पूर्ण डेटा हातात असतो, फक्त दुसऱ्या दिवशी कामाला कमी उरतो. आणि हिवाळ्यातली ११ ची मॅच तर फारच सोयीची, पहिला हाफ जुन्या डेट्यावर, हाफटाइम पावणेबाराच्या सुमारास, आणि दुसरा हाफ सुरू होईस्तोवर १२ वाजून गेलेले असतात. तुमच्या पॅकची वेळ एकदा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघून खात्री करा.

क्वालिटी ऑटोवर ठेवू नका. ऑटोमध्ये अ‍ॅप दर काही सेकंदांनी तुमचा स्पीड मोजतं आणि वर-खाली उड्या मारतं, स्पीड हलता असेल तर चित्र सारखं बदलतं. स्वतः ७२० किंवा ४८० ठरवून द्या. मालिका बघताना ४८० चालतं, फुटबॉलला जरा वेगळं आहे, कारण कॅमेरा सतत गवतावरून फिरत असतो आणि बॉल इवलासा. क्वालिटी फार पडली की अख्खं मैदान हिरवा चिखल दिसतं आणि लांब पास मारला की बॉल गायबच होतो. फोनच्या स्क्रीनवर ४८० निभावतं, टीव्हीवर ७२० च्या खाली जाऊ नका.

वायफाय आणि टीव्ही

घरी ब्रॉडबँड असेल तर राउटरवर बहुतेक दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या पुढं ५जी लिहिलेलं. ते मोबाईलचं ५जी नव्हे, वायफायचा दुसरा पट्टा आहे. राउटरच्या खोलीत बसणार असाल तर ५ वालं घ्या, वेगवान असतं. मधे दोन भिंती असतील तर साधं घ्या, ते लांब पोचतं. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असतील तर दुसरं काही करायच्या आधी राउटर टीव्हीजवळ आणा. सगळ्यात चांगलं म्हणजे टीव्हीला सरळ लॅनची वायर लावायची, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि वायफायची कटकटच मिटते.

लाईट जाते त्या भागात राहत असाल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घेऊन ठेवा. लाईट गेली की टीव्ही बंद, पण फोनवर वायफायनं मॅच चालू राहते. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून त्याच व्होल्टचा घ्या.

मोबाईलवरून टीव्हीवर घेताना आवाज येतो आणि चित्र काळं, असं झालं तर टीव्ही बिघडलेला नाही. या अ‍ॅपना कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं, ते साधं स्क्रीन मिररिंग चालू देत नाही, स्वस्तातले एचडीएमआय कन्व्हर्टरपण त्याच कारणानं अडतात. अ‍ॅपमधलंच कास्टचं चिन्ह वापरा, नाहीतर टीव्हीवर तेच अ‍ॅप टाकून लॉगिन करा. टीव्ही जुना असेल आणि अ‍ॅप मिळतच नसेल तर स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागं लावायचं अ‍ॅप चालवणारं छोटं यंत्र, लावणं हा बरा उपाय. काही स्वस्त फोनवर कितीही नेट असू दे एचडी मिळतच नाही, त्याचंही कारण हेच कुलूप आहे, फोनमध्ये त्याची वरची पातळी नसते. कस्टमर केअरशी भांडून ते बदलत नाही, दुसऱ्या फोनवर लावून बघा.

मॅच चालू असताना अडकली तर

आधी फिरतं ते का, हे समजून घ्या. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि फोन पुढचे तुकडे साठवून ठेवतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. वरून येणारं कमी आणि तुम्ही वापरता जास्त झालं की टाकी रिकामी होते आणि चक्र फिरतं. म्हणून सारखं मागं-पुढं करू नका, प्रत्येक वेळी साठवलेलं जातं आणि पहिल्यापासून भरायला लागतं.

मग तपासा. यूट्यूबवर दुसरं कुठलंतरी लाइव्ह लावा. ते नीट चाललं तर तुमचं नेट ठीक आहे, गोंधळ अ‍ॅपच्या बाजूला आहे. तेव्हा क्वालिटी एक पायरी खाली घ्या, अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा, तरी नाही झालं तर लॅपटॉपच्या ब्राउझरवर लावून बघा, कधीकधी अ‍ॅप बंद असतं आणि साइट चालते. मोठ्या मॅचच्या रात्री सगळ्यांचंच अडतं. २० नोव्हेंबर २०२२ ला कतार-इक्वेडोर ही वर्ल्डकपची पहिली मॅच जिओसिनेमावर देशभर अडकत होती आणि कंपनीनं तेव्हा जाहीर माफी मागितली होती. अशा रात्री तुम्ही घरात राउटर बंद-चालू करून काही होत नाही, शांत बसा.

यूट्यूबपण अडलं तर दोष नेटचा. फोन दहा सेकंद फ्लाइट मोडवर टाका आणि काढा. ५जी आणि ४जी मध्ये सारखी उडी मारत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४जी वर कायम करा, घराच्या आत ते जास्त स्थिर राहतं. घरातल्या बाकीच्यांचे अपडेट आणि फोटो बॅकअप चालू असतील तर थांबवा.

कॅशे क्लिअर करायला हरकत नाही, पण क्लिअर डेटा दाबू नका आणि अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका. लॉगिन जातं, परत ओटीपी, परत डिव्हाइसची मर्यादा, आणि वीस मिनिटं गेली.

आधीच कळलेला गोल

ऑनलाइन मॅच मैदानापेक्षा मागं असते, साधारण २० ते ४० सेकंद. मैदानातून सिग्नल निघतो, त्याचे तुकडे होतात, ते सर्व्हरवर जातात, तुमचा फोन दोन-तीन तुकडे साठवतो, या सगळ्यात तेवढा वेळ जातो. स्कोअरच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन मात्र पटकन येते. म्हणून पेनल्टी घ्यायला खेळाडू अजून उभाच आहे आणि फोन वाजून सांगतो गोल झाला. मॅचच्या आधी स्कोअर अ‍ॅपच्या नोटिफिकेशन बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट करा, गूगलवर टीमचं नाव फॉलो केलेलं असेल तर तेही. मधे पॉज केलं असेल तर तुम्ही आणखी मागं राहता, लाइव्ह लिहिलेलं असतं त्यावर दाबलं की परत पुढं येता.

शेजारी डिशवर बघत असतील तर त्यांचा आरडाओरडा तुमच्या आधी येणार, त्याला सेटिंग नाही. त्यांच्याकडंच जाऊन बघा, फुटबॉल एकट्यानं बघण्यात तशीही मजा नाही.

कॉमेंट्रीची भाषा सुरू व्हायच्या आधी निवडून घ्या. २०२२ च्या वर्ल्डकपला इंग्रजी-हिंदीबरोबर तमिळ, मल्याळम आणि बंगाली होती. मराठी नव्हती. आयपीएलला मराठी कॉमेंट्री देता येते तर फुटबॉललाही देता येईल. अ‍ॅपमध्ये फीडबॅक असतो तिथं प्रत्येकानं एकदा लिहा, मागितल्याशिवाय ती येणार नाही.

फुकटच्या लिंका

टेलिग्रामवर, कॉमेंटमध्ये लिंका येतात. उघडली की चार जाहिराती, प्लेचं खोटं बटण, नोटिफिकेशनला परवानगी द्या, प्लेअर अपडेट करा, एपीके डाउनलोड करा. ते एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारी अ‍ॅपची फाइल, अजिबात टाकू नका. अशी अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतात, एकदा दिली की बँकेचे ओटीपी त्यांना दिसतात. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर कुणी टाकून दिलंय का तेही बघा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

मला माहितीय की सगळ्यांना तीन-तीन सबस्क्रिप्शन परवडत नाहीत. मग एक स्पर्धा निवडा आणि तीच नीट बघा, बाकीच्यांचे हायलाइट्स बघा, लीग आणि क्लबांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर बरंच असतं. किंवा चार मित्र मिळून एक टीव्हीवाला प्लॅन घ्या आणि एकाच्या घरी जमा.

परदेशात असाल तर

भारतातलं सबस्क्रिप्शन तिकडं लाइव्ह मॅचला चालेल असं धरू नका, हक्क देशाचे असतात. लंडनला शिकायला गेलेल्या पोरांना एक गोष्ट फार खटकते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवत नाहीत, लोकांनी मैदानात जावं म्हणून साठच्या दशकापासूनचा नियम आहे. म्हणजे ३ ची मॅच कोल्हापुरात दिसते आणि तीच लंडनमध्ये घरी बसून दिसत नाही. तिथं असाल तर त्या वेळेला खालच्या लीगच्या एखाद्या जवळच्या क्लबचं तिकीट काढा, प्रीमियर लीगपेक्षा कितीतरी स्वस्त असतं.

आपल्याकडचं फुटबॉल

युरोप बघता बघता इथलं विसरू नका. २२ ऑक्टोबर २०२५ ला एफसी गोवा फातोर्ड्याला रोनाल्डोच्या सौदी क्लबशी, अल नस्रशी खेळली, रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ हरली, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल बघण्यासारखा होता. आणि कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरच्या पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी मंडळ अशा इथल्या टीमच्या मॅच स्थानिक चॅनेल यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. एकच कॅमेरा असतो, रिप्ले नसतो, पण सबस्क्रिप्शन लागत नाही आणि कॉमेंट्री मराठीत असते. चॅनेल शोधताना दोन्ही टीमची नावं मराठीत टाइप करा आणि लाइव्हचा फिल्टर लावा, नाहीतर मागच्या वर्षीची मॅच लागते.